चूल कोण राखतलो?

देवगडला बोट धक्क्याला लागायची नाही. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि आपण पडावात, म्हणजे मोठ्या होडीत बसून, पदर नि ट्रंक सांभाळत, तिच्यापर्यंत जायचं. हळदीचा पिवळेपणा अजून हातावर होता आणि मी आमच्या ह्यांच्या शेजारी त्या पडावात बसले होते, मुंबईला संसार करायला निघालेली. सगळा वाडा बंदरावर आला होता. बाबा तेवढे आले नाहीत.

"चुलीर दूध असा," म्हणाले. "तू जा गो. चूल मी बघतंय." आणि हातात फुंकणी घेऊन दारापुढच्या खळ्यातच उभे राहिले. दूध कसलं डोंबलाचं! दूध मी पहाटेच तापवून ठेवलं होतं. पण बापाला मुलीच्या देखत रडायचं नसलं की त्याला काहीतरी कारण लागतंच.

पडाव निम्म्या वाटेवर गेला तेव्हा मी मागे बघितलं. खाडीच्या वर, माडांच्या मधून आमची कौलं दिसत होती आणि कौलांतून धूर निघत होता. साधा धूर नव्हे हो, काळपट, जाडजूड, आभाळात चढत जाणारा. माझं डोकंच फिरलं. मागच्या पडवीत आंब्याची सुकी फाटी मी महिनाभर पुरतील अशी रचून ठेवली होती. फाटी म्हणजे सरपण. ती सोडून ह्या माणसाने ओली फाटी चुलीत घातली होती! "बघा, मी गेले नाही तोच सुरू झालं," असं मी ह्यांना म्हटलं आणि ढसाढसा रडले. पडावातल्या बायका म्हणाल्या, माहेर सुटलं म्हणून रडते पोर. मी त्यांना काही सांगितलं नाही, पण मी त्या फाट्यांवरून रडत होते. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

आई गेली तेव्हा मी परकर नेसायचे. तेव्हापासून ती चूल माझी. आमच्याकडे चूल विझू द्यायची नाही असा नेम होता. रात्री जेवणं झाली की निखारे पुढे ओढायचे, त्यावर शेणीचा तुकडा, वर राख, आणि सकाळी राख बाजूला केली की आतला विस्तव लाल डोळा उघडून बघायचा. आगपेटी घरात असे, पण तिने चूल पेटवणं म्हणजे बाईने आळस केला असा अर्थ. कोणाचा विस्तव विझलाच तर ती शेजारणीकडे करवंटी घेऊन यायची आणि दोन निखारे मागून न्यायची. आमच्या घरून शेजारची शेवंताकाकी न्यायची, तिच्या घरून आम्ही कधी आणले नाहीत. ह्याचा मला कोण अभिमान! एक फाटी पुढे सारली की भात उकळतो, मागे ओढली की मंद शिजतो, आणि बाजूच्या वैलावर त्याच आगीत आमटी शिजते. असली चूल चालवणारी मी. मुंबईत मला कोण काय शिकवणार?

शिकवलं. चांगलंच शिकवलं.

आमची खोली अंधेरीच्या पुढे मरोळ गावठाणात, क्रूसाच्या मागे, रोझामावशीच्या बैठ्या खोल्यांच्या रांगेत. समोर तिची भातशेती, विहीर, दोन-चार डुकरं. रोझामावशी मालकीण असली तरी भाडं घेण्यापुरती मालकीण, बाकी वेळ सासू. ह्यांना कुर्ल्याच्या रस्त्यावरच्या कंपनीत फिटरची नोकरी, शिफ्टची. खोलीत चूल घालायला मनाई, कारण वर झावळ्यांचं छप्पर. रॉकेल रेशनवर, तेही मिळालं तर मिळालं. म्हणून त्या रांगेतल्या सगळ्या बायका ओट्यावर भुशाची शेगडी पेटवायच्या.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते. पत्र्याचा गोल डबा, खाली एका बाजूला भोक. डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून एक दांडका आत सारून बाटलीला टेकवायचा आणि भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग बाटली नि दांडका अलगद काढून घ्यायचे. भुशात बोगदा तयार होतो, खालून आत आणि मधून वर. खालच्या तोंडाशी पेटती काटकी घातली की आग त्या बोगद्यातून वर येते आणि भुसा आतून हळूहळू जळत बाहेर सरकतो. धूर नाही, फुंकणं नाही. सकाळचा सगळा स्वयंपाक आणि आंघोळीचं पाणी एका भरण्यात.

ऐकायला झकास. पहिल्या दिवशी मी भुसा सैल भरला. बाटली काढली आणि बोगदा धपकन आत बसला. दुसऱ्या दिवशी रागाने मुसळासारखं ठोकून भरला, तर आग आतच गुदमरली. तिसऱ्या दिवशी पेटली, तर मी सवयीने वरून काटकी घालून ढोसली, आणि परत वाट लागली. ह्यांच्या टिफिनात तीन दिवस पावच गेला. घरी जिच्या चुलीचं नाव घेत होते ती मी, ओट्यावर बसून पत्र्याच्या डब्याला शिव्या घालत होते.

रोझामावशी कंबरेवर हात ठेवून बघत होती. "अगो बाय, काय मसाला कुटतेस की काय?" म्हणाली. माझ्या हातातली बाटली बघून हसली, कारण ती होती खोबरेल तेलाची, बुटकी, खांदे असलेली. खांदा अडकतो आणि भुसा ओढून आणतो. ती आत गेली आणि हिरव्या जाड काचेची, सरळसोट, उंच बाटली घेऊन आली. तिच्या मुलीच्या लग्नातली. काय भरलेलं होतं ते मी विचारलं नाही, ते दारूबंदीचे दिवस होते. मग तिने माझा हात धरून भुसा दाबायला शिकवलं. "पोराला दुपट्यात गुंडाळतात ना गो? तेवढाच दाब. सैल झालं तर पोर सुटतं, घट्ट झालं तर रडतं." अजून मला पोर नव्हतं, पण कळलं.

आणखी एक गोष्ट तिने शिकवली, ती जास्त महत्त्वाची. ही शेगडी थांबत नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढता येतं, हिच्यात एकदा पेटला की भुसा संपेपर्यंत जळणारच. म्हणजे आग तुमच्यासाठी थांबत नाही, तुम्ही आगीच्या मागे धावायचं. ज्वाला जोरात असते तेव्हा चहा आणि भात, मग ती बसते तेव्हा डाळ, मग भाकऱ्या, आणि शेवटच्या धगीवर पाण्याचा हंडा. मधे शेजारणीशी गप्पा मारत उभी राहिलीस तर तेवढी आग फुकट. मुंबई काय चीज आहे ते मला त्या डब्याने शिकवलं, दुसऱ्या कोणी नाही.

शिकले मी. पण जेव्हा जेव्हा शेगडी आपोआप विझून थंड व्हायची तेव्हा मी उगाच काडीने तिची राख उकरून बघायचे. रोज विझणारी आग म्हणजे मला घर वाटायचंच नाही. आणि तिकडे बाबा एकटे ती चूल राखत बसलेले. प्रत्येक सुट्टीत मी म्हणायचे, "बाबा, आता चला माझ्याबरोबर." त्यांचं उत्तर ठरलेलं, "मी थंय इलंय तर चूल कोण राखतलो?" लेकीच्या घरी राहायची लाजही होती. पण मुख्य ती चूलच. आईच्या हातची आग होती ना ती.

एका वर्षी ह्यांना रजा मिळाली नाही आणि आम्ही गणपतीला गेलो नाही. गेलेले गाववाले परत आले आणि शेवंताकाकीचा निरोप घेऊन आले. लागोपाठ दोन सकाळी आमच्या कौलांतून धूर दिसला नाही म्हणून ती बघायला गेली होती. बाबा चुलीशेजारी घोंगडीवर पडलेले, अंग तापाने फणफणलेलं. उठून पेज करायची ताकद नव्हती, पण पडल्या पडल्या राखेवर राख ओढत विस्तव तेवढा जिवंत ठेवलेला! ऐकून मला रडूही आलं आणि असा संताप आला म्हणता! आगीला जपतात, आणि स्वतःला? दसरा झाल्यावर ह्यांना पाठवलं आणि सांगितलं, बाबांना घेतल्याशिवाय परत येऊ नका.

बाबा आले, पण अटीवर. निघायच्या दिवशी त्यांनी चुलीतले निखारे करवंटीत भरले आणि शेवंताकाकीच्या चुलीत नेऊन ठेवले. "माझी आग तुझ्याकडे ठेव. शिमग्याक येवन परत नेतंय," असं तिला सांगून आले. म्हणजे काय ते मला कळलं. माझ्याकडे पाहुणे म्हणून आले होते, शिमग्यापर्यंत. तोवर त्यांचं मन इथे रमवायचं, नाहीतर पुढचा ताप त्यांना एकट्यानेच काढायचा होता. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिले काही दिवस बाबा खोलीच्या उंबऱ्यावर बसून असायचे. बोलत नसत. मला वाटलं गावची आठवण येते. एकदा हे ड्युटीवर गेले तसे बाबा जवळ येऊन हळूच म्हणाले, "जावई पितत काय गो?"

त्यांनी मानेनेच फळीकडे खूण केली. फळीवर देवांच्या तसबिरी आणि त्यांच्या शेजारी, धुऊन पुसून, रोझामावशीची हिरवी बाटली. बिचारे चार-आठ दिवस त्या बाटलीकडे बघून मनात कुढत होते! मी इतकी हसले, इतकी हसले की रोझामावशी धावत आली. तिला कळलं तेव्हा ती ओट्यावर बसून पोट धरून हसली. मग बाबांना समोर बसवून मी शेगडी भरून दाखवली. त्यांनी भुसा ठासताना बघितला, बाटली ओढताना बघितली. "ही खंयची चूल?" म्हणाले. "ही तोफ असा."

पण तेव्हापासून ते रोज सकाळी समोर बसून बघायला लागले. मला बरं वाटलं. आणि इथेच घोळ झाला.

बाबांना ती संध्याकाळी विझणारी आग सहन होईना. एका रात्री मला न सांगता त्यांनी केलं काय, उरलेली धग डब्याच्या तळाशी सारखी केली, वर राख पसरली, वर कौलाचा तुकडा. अगदी आईच्या पद्धतीने. रोज सकाळी मी तळाची राख सपाट करून तिच्यावरच भुसा भरायचे, कारण राखेचा थर असला की पत्रा लवकर जळत नाही. दुसऱ्या सकाळीही भरला. बाटली काढली आणि विहिरीवर पाण्याला गेले.

परत येते तो काय! रांग दिसतच नव्हती. खालच्या विस्तवाने सगळा भुसा तळातून धुमसवला होता, ज्वाला नाही आणि नुसता पिवळा, खवखवणारा धूर. बायका पोरांना घेऊन बाहेर, कोणीतरी "आग लागली रे" म्हणून ओरडतंय, हे एक पाय पॅंटमध्ये घालून दारात, आणि रोझामावशीने कळशीभर पाणी शेगडीवर ओतलेलं. तिचे चर्चला जायचे कपडे दोरीवर होते, ते सगळे काळे. तिने काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबा कोपऱ्यात उभे होते, हातात कौलाचा तुकडा. त्यांचं तोंड मला बघवेना. मग आत जाऊन ते आपली पिशवी भरायला लागले. "हय माझा काय काम असा? पोरीच्या घरात धूर करूक इलंय मी?"

मी समजूत घालायला हवी होती म्हणाल. माझा स्वभाव तसा नाही. मी ती पिशवी हिसकावली आणि ओल्या भुशाचा तो डबा त्यांच्या पायाशी आणून आपटला. "जायचंय ना? मग आधी हा साफ करा. आणि उद्यापासून शेगडी तुम्ही भरायची. मी हात लावणार नाही. ह्यांना भूक लागली तर तुमच्याकडे बोट दाखवीन."

बाप माझा, पण ऐकलं त्यांनी.

सुरुवातीला त्यांच्याही शेगडीत आग गुदमरली. शेतकऱ्याचे हात, जोर फार. मी मुद्दाम तोंडातून ब्र काढला नाही, रोझामावशीनेच तिसऱ्या दिवशी न राहवून दुपट्यातल्या पोराचं त्यांनाही सांगितलं. आणि मग जमलं. मग काय विचारता! भुसा चाळायला लागले, जाड कपच्या वेगळ्या, बारीक वेगळा. तळाला कपच्या, वर बारीक. भुसा पोत्यावर पसरून उन्हात वाळवायचा, मुठीत दाबून बघायचा आणि मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर अजून ओला म्हणायचं. काटकीच्या जागी तोंडाशी करवंटीचा तुकडा लावायला लागले, ती तेलकट असल्यामुळे एका काडीत पेट घ्यायची. पुढे लाकडाच्या गिरणीतून एक तुकडा आणून त्यांनी कोयतीने बाटलीसारखा दंडुका तासला, खाली किंचित निमुळता. तो असा सुटून यायचा की भुशाचा कणही हलायचा नाही. त्याच एका भरण्यात आता शेजारच्या आजारी बाईचं पाणीसुद्धा तापायला लागलं.

बाटली त्यांनी स्वतः धुऊन रोझामावशीला परत दिली. ती म्हणाली, "बाबा, रिकामीच परत देता? आमच्यात असं करत नाहीत." बाबा लाजून हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. नाताळच्या आधी तिच्या घरी करंज्या आणि केक व्हायचे तेव्हा तिने शेगडी भरायला बाबांनाच बोलावलं. काळे झालेले कपडे ती विसरली नव्हती, दर वेळी आठवण करून द्यायची, पण बोलवायची.

आणि शिमगा आला.

आम्ही तिघेही गेलो. बाबांनी घरात पाऊल टाकलं आणि आधी शेवंताकाकीकडून करवंटीत आपली आग परत आणली. चूल पेटली, घर धुराने भरलं आणि मला तो वास येऊन डोळ्यांत पाणी आलं. सगळा शिमगा बाबा त्या चुलीपाशी होते. मुंबईचं नाव नाही. मीही काढलं नाही. ह्यांना म्हटलं, त्यांचं त्यांना ठरवू दे, मी आता ओढणार नाही. बोलले असं, पण रोज सकाळी उठून आधी त्यांचं तोंड बघायचे.

निघायच्या दिवशी ट्रंक बांधून मी स्वयंपाकघरात गेले. राख ओढून विस्तव झाकून ठेवावा म्हणून वाकले आणि बघितलं तर चूल झाडलेली. निखारा नाही, राखही नाही. मागच्या दाराने बाबा येत होते, हातात रिकामी करवंटी. शेवंताकाकीकडून येत होते. निघायचं असेल तेव्हाच आपली आग शेजारी ठेवतात. मी दाराला धरून उभी राहिले.

"बघत काय रवलंस?" बाबा म्हणाले. "चल, बोट चुकात. भुसो भायर रवलो असा, ती रोझा पोता आत घेवक इसारतली. दंवात भिजलो तर पेटाचो नाय."

नंतर सगळं बदललं. रोझामावशीची शेती गेली, तिथे कारखान्याच्या शेड आल्या. बोटी बंद झाल्या. आम्ही बोरिवलीला पक्क्या खोलीत गेलो, गॅसचा नंबर लागला आणि बटण फिरवलं की निळी ज्योत. बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "हेका राखूक नको, भरूक नको. मगे माणसान करायचा काय?" ते होते तोवर आंघोळीचं पाणी मागच्या ओट्यावर भुशाच्या शेगडीवरच तापत राहिलं. शेवंताकाकीच्या घरातही आता गॅस आहे. तिच्याकडे ठेवलेली आमची आग कधीतरी विझली असणार. मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. गावी राहिलेल्यांना वाटतं की आम्ही घर विसरलो. आमच्यासारखे आलेले रात्री अंथरुणात पडून तेच विचारतात, नक्की कुठलं घर? मला कोणी विचारलं तर मी त्या शिमग्याहून परतलो त्या दिवशीचा पडाव सांगते.

पडाव निम्म्या वाटेवर होता. मी मागे बघितलं. माडांच्या मधून आमची कौलं दिसत होती, स्वच्छ, उन्हात. वर धुराची एक रेघ नाही. "बाबा, आज धूर नाही," मी म्हटलं.

बाबा समोर बोटीकडे बघत होते. "तू लग्न होवन गेलंस ना, तेव्हा मी मुद्दाम ओली फाटी घातलंय," म्हणाले. "तुका बोटीतसून घर दिसाक व्हया म्हणान."

इतकी वर्षं मी त्या ओल्या फाट्यांवरून त्यांना बोल लावत होते. मी त्यांचा हात धरला. हाताला भुशाचा वास होता.

त्यांनी एकदाच मागे वळून कौलांकडे बघितलं. "आता कोणाक दाखवचो धूर?" म्हणाले. "बघणारी हय बसली असा, माझ्या बाजूक."